मदत हवी आहे: सड्यावरच्या गवतातली चांदणीसारखी अळंबी कोणती?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमच्या घरामागे जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचा सपाट माळ आहे. दसऱ्यानंतर गवत कापायला गेलो, तेव्हा कातळाच्या खाचेतल्या बोटभर मातीत ही अळंबी दिसली. सात पाकळ्यांची चांदणी, मध्ये बोराएवढी कागदासारखी पोटली, तिच्या टोकाला बारीक चोच. वरून पाण्याचा थेंब सोडला की चोचीतून तपकिरी धूर निघतो. पावसाच्या थेंबांनी बीजाणू असेच उडतात. तासभर मी तिथून हललोच नाही.

आधी वाटलं, अ‍ॅस्ट्रियस ही चांदणीसारखी बुरशी असेल. पण ती झाडांच्या मुळांशी जोडून जगते आणि इथे शंभर पावलांत झाड नाही. तिच्या पाकळ्या सुकल्या की पोटलीवर मिटतात, भिजल्या की उलगडतात. माझ्याकडची सुकूनही उघडीच राहिली. म्हणजे तशीच दिसणारी, पण कुजक्या काडीकचऱ्यावर वाढणारी जिअ‍ॅस्ट्रम असावी. तिच्याही काही जाती पाकळ्या मिटतात, म्हणून जाणकारांनी बघायला हवं. युरोपातली जिअ‍ॅस्ट्रम मिनिमम कोरड्या गवताळ रानात आणि समुद्रकाठच्या वाळूत वाढते, पण तिला चुन्याची जमीन लागते. आपला जांभा आम्लधर्मी. मग ही कोणती?

घाई एवढ्यासाठी की पलीकडच्या सड्यावर जांभ्याचे चिरे काढायची खाण सुरू झाली आहे आणि अलीकडच्या बाजूला झाडांची कलमं लावायला सुरुंग लावून खड्डे पाडताहेत. जातीचं नाव ठरल्याशिवाय ती धोक्यात आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींचा आढावा घेणाऱ्या यादीत) मार्च २०२५ पर्यंत जगभरातल्या बुरशींच्या जेमतेम १,३०० जाती आल्या होत्या, त्यांतल्या ४११ धोक्यात. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत प्राणी आहेत, वनस्पती आहेत, बुरशी नाही. सडा तर कागदोपत्री पडीकच. त्या खाचांमध्ये पावसाळाभर काय काय उगवतं ते बघणाऱ्याला हा शब्द फार लागतो.

दोन नमुने कागदी पाकिटात सुकवून ठेवलेत, बाकीच्यांना हात लावला नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा संग्रह आहे. तिथे नमुना कसा पाठवायचा, सोबत काय लिहून द्यायचं, कुणाला अनुभव आहे का? आणि ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवजातींच्या नोंदींच्या वहीत) बुरशीची नोंद कुणी करून घेतली आहे का?

आई म्हणते, गुरं राखताना आम्ही ह्या अळंब्या पायाने दाबून धूर काढायचो. नाव मात्र तिला आठवत नाही. तुमच्याकडे हिला काय म्हणतात?