मनिला ते बनावे गाडीने, चार दिवसांत जमेल का?

फिरस्ता_७: फिलिपीन्समधली ती डोंगरातली भाताची पायरी शेती बघायची खूप वर्षांपासून डोक्यात आहे. मी, बायको आणि आईबाबा. मनिलाला गाडी भाड्याने घेऊन बागियो, सगाडा, बनावे आणि परत, असा गोल चार दिवसांत मारायचा विचार आहे, ऑगस्टचा दुसरा आठवडा. मॅपवर अंतर फार वाटत नाहीये. कोणी गेलंय का? आईचा गुडघा दुखतो हेही सांगून ठेवतो.

घाटवाट: भाऊ, तारखा आधी बदला. कापणी साधारण जुलैत होते त्यामुळे ऑगस्टमध्ये खाचरं बोडकी दिसतील, वर तेव्हा वादळांचा सीझन, आम्ही एकदा दरड कोसळली म्हणून तीन तास गाडीत बसून बिस्किटं खाल्लीत. हिरवंगार बघायचं तर एप्रिल-मे, पिवळं हवं असेल तर जून. मला विचाराल तर लावणीच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, पाणी भरलेलं असतं आणि त्यात आभाळ दिसतं ना, ते सगळ्यात भारी, पण धुकं आलं की समोरचा बांधही दिसत नाही.

पायवाट: आणि चार दिवसांत तो गोल नका मारू प्लीज. बागियो ते बोंतोक (सगाडाच्या अलीकडचं गाव) हाल्सेमा हायवे म्हणजे १५० किमी नुसती वळणं, आटोकजवळ २,२५५ मीटरपर्यंत चढतो, दिवस त्यातच जातो. सरळ नुएवा व्हिस्काया प्रांताच्या बाजूने बनावे गाठा, तेही साडेतीनशे किमीच्या आसपास आहे, आठ-नऊ तास धराच. नाहीतर रात्रीची बस घ्या, आईबाबांना तेच बरं. गाडी घेतलीच तर टोलचं आधी बघा, वेगवेगळ्या एक्सप्रेसवेला ऑटोस्वीप आणि इझीट्रिप असे टोलचे दोन वेगळे टॅग लागायचे. आणि तिकडे उजव्या बाजूने चालवतात, घाटात ते आठवत राहिलं पाहिजे.

अडगळ: एक गंमत सांगतो, वीस पेसोच्या नोटेवर असलेला बनावेचा व्ह्यूपॉइंटवाला भाग युनेस्कोच्या यादीत नाहीच. १९९५ साली जे पाच भाग यादीत आले त्यात बाताद, बांगान, हुंगदुआन वगैरे आहेत. लोक व्ह्यूपॉइंटला फोटो काढून परत फिरतात आणि बाताद राहून जातं. बाताद म्हणजे डोंगराच्या कुशीत वाडग्यासारखी बसलेली खाचरं, बरेचसे बांध दगडी. तसंच सगळीकडे "२००० वर्षं जुनी" सांगतात, पण तिथल्याच किआंगान गावच्या उत्खननानंतर काही अभ्यासक म्हणतात की ती स्पॅनिश आल्यानंतरची असावीत. गाईडशी वाद घालू नका मात्र 😄

पायवाट: बाताद मस्तच, पण शेवटचा टप्पा पायी, जाताना उतार आणि येताना तोच चढ. काकूंना बांगान दाखवा, ते रस्त्यावरूनच खाली दिसतं. तुम्ही दोघं बातादला एक रात्र राहा, सकाळी ऊन खाली उतरायच्या आधी बांधावरून चाला. बांध अरुंद असतो, समोरून कोणी ओझं घेऊन आलं तर आपणच बाजूला व्हायचं.

फिरस्ता_७: धन्यवाद मंडळी. सगाडा कट, बसने जातो, मग बनावेला जीप ठरवू. एप्रिलचा तिसरा आठवडा चालेल ना?

घाटवाट: चालेल, फक्त ईस्टर कधी येतोय ते बघा. त्या आठवड्यात मनिलातून बाहेर पडायलाच अर्धा दिवस जातो.