मदत हवी आहे: अथेन्ससाठी मे बरा की दिवाळीनंतरचा आठवडा?

जास्वंद:
अथेन्सला जायचे नक्की झाले आहे, पण केव्हा जायचे हे ठरत नाही. रजेचा अर्ज शुक्रवारी द्यायचा असल्याने तोवर विमानाची तिकिटे काढायला हवीत. मेचा दुसरा आठवडा किंवा दिवाळीनंतरचा आठवडा, असे दोनच पर्याय हाती आहेत. एकीकडे तिथली हवा वर्षभर उत्तम असते असे वाचायला मिळते आणि दुसरीकडे उन्हामुळे अक्रोपोलिस, म्हणजे तिथली प्राचीन मंदिरांची टेकडी, बंद ठेवल्याच्या बातम्या येतात. जाऊन आलेल्यांनी कृपया लवकर सांगावे.

दीपमाळ:
बरोबर कोण आहे, त्यांची वये काय, किती दिवस राहणार आणि बेटांवर जाणार का, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

वऱ्हाडी:
उन्हाचा इतका धसका घेऊ नये. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. मी जुलैमध्ये गेलो होतो, तेव्हा तिथे 36 अंश होते आणि हवा कोरडी असल्याने सकाळी काहीही त्रास झाला नाही.

उंबरठा:
वऱ्हाडी, अकोल्यात आपण दुपारी घराबाहेर पडत नाही आणि तिथे प्रवासी नेमके दुपारीच टेकडी चढतात. वर सावलीला झाड नाही, आणि टोपीने डोक्यावरचे ऊन अडले तरी संगमरवरावरून येणारी झळ थेट तोंडावर येते. जुलै 2023 च्या उष्णतेच्या लाटेत दुपारचे काही तास अक्रोपोलिस बंद ठेवावे लागले आणि 2024 च्या जूनमध्येही तीच वेळ आली. अथेन्सजवळच्या एलेफ्सिना येथे 10 जुलै 1977 रोजी 48 अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणून माझे मत सरळ नोव्हेंबरला आहे, कारण तेव्हा दुपारी साधारण 19 अंश असतात आणि गर्दी ओसरलेली असते.

निळी_खिडकी:
सांतोरिनी बेट अजिबात चुकवू नका, मात्र जुलै-ऑगस्ट टाळा. त्या दिवसांत उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरदार वारा वाहतो आणि कधीकधी बोटी बंदरातच थांबवून ठेवतात. दिवाळीनंतर जाणार असाल, तर बोटींच्या फेऱ्याही कमी झालेल्या असतील.

जास्वंद:
बेटांवर जायचे नाही. मुक्काम चार दिवस, आम्ही दोघीच, मी आणि आई. आई 73 वर्षांची असून गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तिने तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिराचे खांब काढून दाखवले. ते खांब तिने एकदा समोर उभे राहून पाहावेत, एवढ्यासाठीच हा प्रवास आहे.

दीपमाळ:
हे आधी सांगितले असतेत, तर मी लगेच मे म्हटले असते. अथेन्सचा पाऊस वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर असला तरी त्यातला बराचसा हिवाळ्यात पडतो आणि नोव्हेंबर-डिसेंबर हे त्यातले ओले महिने आहेत. सासूबाईंना घेऊन मी नोव्हेंबरमध्ये गेले होते. रिमझिमच होती, पण असंख्य पावलांनी घासून गुळगुळीत झालेला तो दगड ओला होताच घोटलेल्या शहाबादी फरशीसारखा निसरडा झाला. प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांपाशी त्यांनी माझा कोपर घट्ट धरला, दहा मिनिटे तशाच उभ्या राहिल्या आणि शेवटी आम्ही मागे फिरलो. त्यांनी पार्थेनॉन पाहिला तो खालच्या संग्रहालयाच्या काचेतून, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

उंबरठा:
शस्त्रक्रिया झालेली असेल, तर मीही माझा आग्रह सोडतो. नोव्हेंबरमध्ये दिवसही लहान असतो. साडेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि हिवाळ्यात अक्रोपोलिस पाच वाजताच बंद होते, त्यामुळे पाऊस थांबण्याची वाट पाहायला फारसा अवकाश राहत नाही.

वऱ्हाडी:
मेमध्ये कमाल तापमान 26-27 च्या आसपास असते, म्हणजे आईंना ऊन सोसेल. तरीही सकाळी आठचेच तिकीट काढावे. आता प्रवेशाची वेळ तिकिटावर नेमून दिलेली असते आणि दिवसाला जास्तीत जास्त 20,000 लोकांनाच वर सोडतात.

जास्वंद:
मग मेच ठरवते. टेकडीवर लिफ्ट आहे असे ऐकले, ते खरे आहे का?

दीपमाळ:
आहे. उत्तरेकडच्या कड्यावर 2020 च्या अखेरीस नवी लिफ्ट सुरू झाली आणि वर काँक्रीटच्या वाटाही केल्या आहेत. ती चालण्यास अडचण असणाऱ्यांसाठी असल्याने आधी कळवून ठेवावे लागते. जोराचा वारा सुटला, तर ती बंद ठेवतात. म्हणून अक्रोपोलिस शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पहिल्या सकाळी जमले नाही, तर दुसरी सकाळ हाताशी असावी.

जास्वंद:
मग दुसऱ्या दिवशीचे आठचे तिकीट काढते आणि तिसरी सकाळ मोकळी ठेवते. लिफ्टसाठी आजच विचारपूस करते.