यशिनच्या आधी व्लादिमीर बेआरा

पन्नासच्या दशकातल्या फुटबॉलमध्ये सोव्हिएत संघाच्या लेव यशिनच्या तोडीचा गोलरक्षक नव्हताच, असं मत ऐकू येतं; मला ते पटत नाही. खुद्द यशिन युगोस्लावियाचा गोलरक्षक बेआरा याला आपल्याहून सरस मानायचा, असं सांगतात.

व्लादिमीर बेआरा १९२८ साली, तेव्हा युगोस्लावियात असलेल्या क्रोएशियातल्या सिन्यजवळच्या झेलोव्हो गावात जन्मला. स्प्लिट शहराच्या हायदुक स्प्लिट या क्लबकडून खेळताना त्याची झेप नर्तकासारखी वाटायची. १९५० मध्ये लंडनच्या हायबरी मैदानावर युगोस्लावियाने इंग्लंडला २-२ असं रोखलं, तेव्हा गोलात तोच होता.

पण मला कायम आठवतो तो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा अंतिम सामना. समोर नामांकित आघाडीवीर पुश्काशचा हंगेरी, गोलफलक कोरा आणि हंगेरीला पेनल्टी. मारायला स्वतः पुश्काश. बेआराने ती अडवली! पुढे पुश्काशनेच गोल केला आणि युगोस्लाविया ०-२ हरला, रौप्यपदकावर थांबला. तरी त्या काळातल्या पुश्काशची पेनल्टी अडवणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा.

१९५५ मध्ये तो बेलग्रेडच्या रेड स्टार या प्रतिस्पर्धी क्लबकडे गेला. हायदुकवाल्यांच्या ते किती जिव्हारी लागलं असेल! १९५०, ५४ आणि ५८ अशा तिन्ही विश्वचषकांच्या संघांत तो होता. शेवटची वर्षं जर्मनीत खेळून तो प्रशिक्षक झाला, सत्तरच्या दशकात कॅमेरूनचा राष्ट्रीय संघही त्याने सांभाळला. २०१४ मध्ये स्प्लिटमध्येच तो गेला.