गालांवरच्या वांगावर काय करावं? सांगली-मिरजेत कुठं दाखवावं?

मणेराजुरीकर
नमस्कार. धाकट्याच्या वेळी पाचव्या महिन्यात दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग उठले. बाळंतपण झालं की जातील, असं सगळे म्हणाले. बाळ आठ महिन्यांचं झालं तरी डाग आहेतच, उलट गडद झालेत, वरच्या ओठावरही आलेत. घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळं ऊन चुकत नाही. सासूबाई दुधात जायफळ उगाळून लावायला सांगतात. जाऊबाईंनी मेडिकलमधून आणलेली ट्यूब दिलीय, त्यांचा चेहरा आठ दिवसांत उजळला. लावू का? बाळ अंगावर पितं.

औषधपेठ
ताई, अजून लावली नसेल तर लावूच नका. आधी ट्यूबची मागची बाजू वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन अशी नावं आहेत का? शेवटची दोन्ही स्टेरॉइडं आहेत. कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं.

मी मेडिकल चालवते. 'गोरं व्हायची ट्यूब द्या' म्हणून पोरी येतात तेव्हा जीव तुटतो. हे औषध वाईट नाही. वांगावर ते जगभर वापरतात, पण डॉक्टरांच्या नजरेखाली, साधारण ८ ते १२ आठवडे, फक्त डागावर आणि फक्त रात्री. लोक ते वर्षानुवर्षं पावडरसारखं तोंडभर लावतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते. बंद केलं की आग होते नि डाग परत येतात, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. आठ दिवसांत उजळलं म्हणताय, त्यात स्टेरॉइडचा हात असू शकतो. जाऊबाई बरेच दिवस लावत असतील तर त्यांनाही डॉक्टरांकडं न्या, एकदम थांबवलं तर त्रास होऊ शकतो.

हरिपूर_रोड
एवढं घाबरवू नका हो. आमच्याकडं बेसन, हळद, लिंबू, दुसरं काही नाही. आपली सांगलीची हळद आहे!

विश्रामबाग_७०
हळदीचा मान आहेच, २०१८ साली जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं तिला. पण लिंबू तेवढं वगळा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि तिथं नवा काळा डाग पडतो. जायफळाचंही तसंच. खरखरीत सहाणेवरचं उगाळून चोळलं आणि चुरचुरलं, लाल झालं, तर सावळ्या कातडीवर तेच पुढं काळं पडतं. वांगाला चोळलेलं, खरवडलेलं सोसत नाही.

मला स्वतःला वांग आहे, म्हणून लिहिते. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल ही मूळ कारणं, पण त्याला रोज खतपाणी घालतं ते ऊन. त्यामुळं क्रीम कुठलंही असो, सनस्क्रीन नसेल तर पैसे वाया. एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा बाटलीवरचा आकडा, ३० च्या वरचं घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. आपण वाटाण्याएवढं लावतो, त्यानं काही होत नाही. दर दोन-तीन तासांनी पुन्हा. मिळालं तर रंगीत घ्या, आयर्न ऑक्साइड असलेलं. नुसत्या पांढऱ्या सनस्क्रीनमधून दिसणारा उजेड आत जातो, आणि त्यानंही वांग वाढतं. चुलीची धगही सांभाळा.

मणेराजुरीकर
ट्यूब वाचली. तीच तीन नावं, लाल रेघही आहे. ठेवून दिली. पण बागेत घामानं सनस्क्रीन टिकतं का? आणि हे पूर्ण जातं का?

विश्रामबाग_७०
घामानं उतरतंच. म्हणून बागेत भिस्त कापडावर ठेवा. सनकोट, रुंद काठाची टोपी आणि तोंडाला घट्ट विणीचा सुती स्टोल. झिरझिरीत ओढणीतून ऊन येतं. चेहरा पुसलात की सनस्क्रीन परत लावा.

पूर्ण जाण्याचं खरं सांगते. वरच्या थरातलं लवकर फिकं होतं, खोलवरचं चिवट असतं. डॉक्टर वुड्स लॅम्पच्या निळसर उजेडात बघून अंदाज देतात. माझं बरंच फिकटलंय, पण एप्रिलच्या उन्हात हयगय केली की डोकं वर काढतं. फरक दिसायला दोन-तीन महिने धरा.

औषधपेठ
अंगावर पाजताय हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. अशा वेळी ते बहुधा ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम देतात, सुरुवातीला थोडं चुणचुणतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचंही लोक सुचवतील. त्या आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत, घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास असेल तर मुळीच नाही. आणखी एक, केसांना काळी मेंदी किंवा डाय लावता का? त्याच्या ॲलर्जीनंही कपाळावर, कानापुढं करडे डाग येतात आणि ते वांगासारखेच दिसतात. मान मखमलीसारखी काळी, जाड झाली असेल तर साखर तपासून घ्या.

मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथं केसपेपर काढून दाखवा. खासगीत जायचं तर पाटीवर त्वचारोगाची एमडी किंवा डीव्हीडी पदवी बघा. पार्लरमधलं पील (रसायनानं कातडीचा वरचा थर काढणं) आणि लेझर आत्ता नकोच. जाताना ट्यूब सोबत न्या.

मणेराजुरीकर
डाय नाही लावत. सोमवारी दोघी जावा मिरजेला जातोय, ट्यूब पिशवीत टाकलीय.