मदत हवी आहे: अमेरिकेत आर्मी आरओटीसी स्कॉलरशिप, मुलगा अकरावीत

रानजाई
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा सप्टेंबरमध्ये बारावीत जाईल. त्याला आर्मीत ऑफिसर व्हायचंय आणि कॉलेजसाठी आरओटीसीची (कॉलेज शिकताना ऑफिसर घडवणारा सैन्याचा प्रशिक्षण कार्यक्रम) चार वर्षांची स्कॉलरशिप मिळवायचीय. जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) 3.7, सॅट (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) 1320. शाळेच्या कुठल्या टीममध्ये नाही, पण लीग क्रिकेटमध्ये कॅप्टन आहे. ह्यांना दोन वर्षांपूर्वी सिटिझनशिप मिळाली, माझं आणि मुलाचं अजून ग्रीन कार्ड आहे. चौदाव्या वर्षी खोकल्यासाठी त्याला महिनाभर इनहेलर दिला होता. त्यावरून अडेल का? अर्ज कधी भरायचा? आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर पैसे परत करावे लागतात का?

घाटमाथा
रानजाई, आधी ग्रीन कार्डचं बघू. स्कॉलरशिप फक्त नागरिकांना मिळते, पण तुमचा मुलगा बहुतेक नागरिक झालेलाच आहे. 18 वर्षांखालचं मूल ग्रीन कार्डवर असेल आणि नागरिक झालेल्या आई किंवा वडिलांच्या ताब्यात, त्यांच्यासोबत इथेच राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. परीक्षा नाही, शपथ नाही. फक्त पुरावा काढायचा. त्यासाठी सरळ पासपोर्टचा डीएस-11 फॉर्म भरा. मुलाचं ग्रीन कार्ड, वडिलांचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, तुमचं मॅरेज सर्टिफिकेट आणि मुलाचा जन्मदाखला मूळ प्रतींसह लागेल. महापालिकेचा दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. लोक अडकतात ते इथेच. हे काम याच महिन्यात उरका. आणि आता त्याला भारतीय पासपोर्टवर प्रवास करू देऊ नका, तो सरेंडर करावा लागतो.

निळाई
अर्जाचं सांगते. आर्मीचा ऑनलाइन अर्ज साधारण जूनच्या मध्यात उघडतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होतो. निवड बोर्डं ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्चमध्ये बसतात. पहिल्या बोर्डाला फाइल पूर्ण असणं फार मोलाचं. तिथे नाव आलं नाही तरी फाइल पुढच्या बोर्डाकडे जाते, आणि मधल्या काळात सॅटचे वाढलेले मार्क घालता येतात. 2.5 जीपीए आणि 1000 सॅट ही किमान अट आहे, त्यामुळे मार्कांची काळजी नको. खरी मेहनत फिटनेस टेस्ट आणि इंटरव्ह्यूवर घ्या.

टेस्टमध्ये एक मिनिट कर्ल-अप्स, एक मिनिट पुश-अप्स आणि एक मैल पळणं असतं. शाळेचे पीई टीचर किंवा कोच घेऊ शकतात. घरी 50 पुश-अप्स मारणारी मुलं टेस्टला 30 वर येतात, कारण कोपरावरचा हात जमिनीला समांतर होईपर्यंत खाली गेलं नाही तर तो पुश-अप मोजतच नाहीत. म्हणून आजपासून बाजूने व्हिडिओ काढून मोजा. मैलात पहिली फेरी जोरात मारून तिसऱ्या फेरीत दम जातो. 400 मीटरच्या चारही फेऱ्या एकाच वेगाने मारायची सवय हवी. येत्या हंगामात शाळेच्या क्रॉस-कंट्रीत नाव घाला. पळणंही सुधारेल आणि अर्जात शाळेचा खेळही येईल.

क्रिकेट जरूर लिहा, पण नुसतं ‘कॅप्टन’ नको. किती खेळाडू, आठवड्याला किती तास, टीम निवडणं, मैदान ठरवणं, असं सगळं फोडून लिहा. मंडळाच्या गणेशोत्सवात स्वयंसेवकांची जबाबदारी घेतली असेल तर तीही तशीच.

इंटरव्ह्यू कॅम्पसवरचा आरओटीसी प्रमुख घेतो. तुम्हाला रटगर्स जवळ आहे. वेळ मागणारी ईमेल मुलाने स्वतः लिहावी, आईबाबांनी नाही, हे आवर्जून सांगते. ‘ऑफिसरच का?’ याला ‘फी वाचते’ हे उत्तर असेल तर तिथेच गुण गेले.

दवबिंदू
इनहेलरचा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. मेडिकल डॉडमर्ब (संरक्षण खात्याचं वैद्यकीय तपासणी मंडळ) करतं. त्यांच्या नियमात तेराव्या वाढदिवसानंतर दमा निघाला असेल तर उमेदवार अपात्र धरतात, आणि त्या वयातल्या इनहेलरच्या नोंदीवरून चौकशी होते. डॉक्टरांकडून त्या भेटीचं रेकॉर्ड आत्ताच मागवा. निदान काय लिहिलंय ते बघा. ‘ब्राँकायटिस’ आणि ‘अस्थमा’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दमा नव्हताच तर फुफ्फुसांच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री (श्वासाची चाचणी) करून तसं पत्र घेऊन ठेवा, मागितलं की लगेच देता येईल. लपवू मात्र नका. फॉर्मवर खोटं सापडलं तर वेव्हरची, म्हणजे नियमातून सूट मिळण्याची, वाटही बंद होते. वेव्हर आपण मागायचा नसतो. डॉडमर्बने नापास केलं की पुढचा निर्णय आर्मी घेते. नेव्ही आणि एअर फोर्सचे निर्णय वेगळे, म्हणून तिथेही अर्ज करा. नेव्हीला मात्र नर्सिंग सोडून कुठलाही विषय घेतला तरी कॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्स सक्तीचं आहे.

पैशांचं: ट्यूशन-फी किंवा राहणं-जेवण यांपैकी एक, शिवाय पुस्तकांना वर्षाला 1200 डॉलर आणि कॉलेज चालू असताना महिन्याला 420. बदल्यात एकूण आठ वर्षांची बांधिलकी, त्यातली बहुधा चार पूर्णवेळ सेवेत. पहिल्या वर्षात सोडलं तर काही देणं नाही. दुसरं वर्ष सुरू झाल्यावर सोडलं तर रक्कम फेडायची किंवा साधा सैनिक म्हणून भरती व्हायचं, आणि यातलं काय ते आर्मी ठरवते.

रानजाई
खूप आभार. पासपोर्टची अपॉइंटमेंट आजच घेते. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सासऱ्यांनी नातवाचंही नाव लावलंय. त्याने काही बिघडतं का? आणि ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) काढू का?

घाटमाथा
बिघडत नाही, पण कॅडेट झाल्यावर सुरक्षा तपासणीचा एसएफ-86 भरावा लागतो, त्यात परदेशातली मालमत्ता येते. सातबाऱ्याची प्रत, गट नंबर आणि त्याचा हिस्सा लिहून ठेवा. आजी-आजोबांशी नेमाने बोलणं होत असेल तर त्यांची नावंही द्यावी लागतील. सगळं उघड लिहावं.

ओसीआयचा विचार मात्र घरात बसून करा. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय देत नाही. ऑफिसर झाल्यावर आजोळी जायचं तर व्हिसा काढूनच, हे त्याला आत्ताच सांगा.