मदत हवी आहे: गावाचा नेबरहूड प्लॅन करायचाय, पण बोलायला येतात तीच बारा माणसं

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात आम्ही काही वर्षांपूर्वी घर घेतलं. तीनेकशे घरं, एक चर्च, एक पब (अजून तरी उघडा आहे). मागच्या वर्षी पॅरिश कौन्सिलची एक जागा रिकामी राहिली. कुणीच पुढे येईना, तेव्हा मी हो म्हटलं. 'पॅरिश' वाचून चर्चची समिती डोळ्यांसमोर आणू नका. ही इथली ग्रामपंचायतच, फक्त अधिकार त्याहून कमी आणि मानधन शून्य. पासपोर्ट भारतीय असूनही हे जमलं, कारण इथे कायम राहण्याची परवानगी असलेल्या कॉमनवेल्थ नागरिकाला स्थानिक निवडणुकीत मतही देता येतं आणि उभंही राहता येतं.

आता गावाने नेबरहूड प्लॅन करायचं ठरवलंय. २०११च्या लोकॅलिझम कायद्याने गावांना हा हक्क दिला. घरं कुठे व्हावीत, कशी दिसावीत, कुठली मोकळी जागा राखायची, हे गावाने लिहायचं. मसुद्यावर किमान सहा आठवडे लोकांची मतं घ्यायची, मग तो जिल्हा कौन्सिलकडे द्यायचा. तिथे पुन्हा सहा आठवडे, त्यानंतर स्वतंत्र परीक्षक आणि शेवटी गावात सार्वमत. पडलेल्या मतांत निम्म्याहून जास्त 'हो' आले की झालं. पुढे बांधकामाच्या अर्जावर निर्णय देताना, तसंच सबळ कारण नसेल तर, कौन्सिलला तो प्लॅन धरूनच चालावं लागतं. पैशाचाही मुद्दा आहे. आमच्या जिल्ह्यात बिल्डरकडून सीआयएल नावाचा आकार घेतात. त्यातला १५ टक्के वाटा पॅरिशला मिळतो, त्यालाही वरची मर्यादा आहे. प्लॅन मंजूर असेल तर २५ टक्के, बिनमर्यादा.

कागदावर सगळं छान आहे. प्रत्यक्षात गावाला प्लॅन हवाय तो एकाच कारणासाठी: गावामागच्या मोठ्या शेतात घरं होऊ नयेत. बैठकीला तीच बारा माणसं येतात, बहुतेक निवृत्त, बागा सुंदर. घरोघर प्रश्नावली टाकली, तर भरून आली तीही त्यांच्याच गल्ल्यांतून. खालच्या अंगाला जुन्या कौन्सिल घरांची (कौन्सिलने भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या) रांग आहे. डेअरीवर काम करणारे, लहान मुलांची कुटुंबं तिथे राहतात. तिथून एकही कागद आला नाही.

विचारायचंय ते असं. ते शेत 'लोकल ग्रीन स्पेस' (प्लॅनमध्ये नोंदवून बांधकामापासून राखलेली मोकळी जागा) म्हणून राखता येईल का? सरकारी अनुदान बंद झालंय, तर सल्लागाराशिवाय किती मजल मारता येते? आणि खरा प्रश्न, ज्यासाठी झोप लागत नाही: न बोलणाऱ्यांना बोलतं कसं करायचं? सार्वमताला किमान मतदानाची अट नाही. म्हणजे बारा माणसांनी लिहिलेला प्लॅन त्यांच्या शेजाऱ्यांच्या मतांवर पासही होईल, आणि त्याला आम्ही 'गावाचा' म्हणू.

प्रतिसाद: चहाबाज

मी इथल्याच एका कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात काम करतो (कुठल्या ते विचारू नका).

शेताचं विसरा. लोकल ग्रीन स्पेस वस्तीच्या जवळ हवी, लोकांना तिचं काही खास महत्त्व आहे हे दाखवता यायला हवं, आणि ती अवाढव्य नसावी. 'बिल्डर नको' हे कारण परीक्षक पहिल्या वाचनात खोडतो. क्रिकेटचं मैदान, तळ्याकाठचा तुकडा, असलं काही असेल तर जरूर टाका.

शिवाय जिल्ह्याच्या आराखड्याने ठरवलेल्या घरांपेक्षा कमी घरं तुमच्या प्लॅनमध्ये धरता येत नाहीत. उलट करा. तुमच्या वाट्याला किती घरं येतात तो आकडा कौन्सिलकडून लेखी मागा आणि तेवढ्यांसाठी जागा तुम्हीच नेमून द्या. तशी जागा नेमलेली असेल तर पुढची पाच वर्षं राष्ट्रीय धोरणात बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जिल्ह्याकडे घरांच्या जमिनीचा साठा अपुरा पडला म्हणून कुणीही कुठेही अर्ज घुसवतो, त्या वेळी ते कामी येतं. जागा न नेमणाऱ्या गावांना हे कवच नसतं.

सल्लागाराबद्दल: धोरणं मोजकी ठेवा, पाच-सहा. बसच्या वेळा, रस्त्यावरचे खड्डे, वेगमर्यादा हे जमिनीच्या वापराचे विषय नाहीत. लोक त्यावरच सर्वात जास्त बोलतात, म्हणून ते वेगळ्या प्रकरणात 'गावाच्या अपेक्षा' म्हणून लिहा. पर्यावरणाची प्राथमिक छाननी मात्र कौन्सिलकडून लवकर करून घ्या.

मतदानाचं म्हणाल तर पहिलं सार्वमत २०१३ साली कंब्रियात अप्पर ईडनला झालं. १७ पॅरिश मिळून. 'हो' म्हणणारे भरपूर होते, पण मतदानाला तिघांतला एकच गेला. तुमची काळजी जुनीच आहे.

प्रतिसाद: निंबोणी

इंग्लंडचं मला काही कळत नाही, पण नगर जिल्ह्यात 'आमचं गाव आमचा विकास'चे आराखडे करताना मी ग्रामपंचायतींबरोबर फिरले आहे. तुमची बारा माणसं आमच्याकडेही होती, फक्त ती पारावर बसायची.

प्रश्नावली बंद करा, भाऊ. ज्याला आयुष्यभर कागदाने त्रासच दिला तो तुमचा कागद भरणार नाही. आम्ही शिवारफेरी काढायचो. वस्तीवर जाऊन जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा आणि बाजूला उभं राहायचं. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, 'अहो, ओढा इकडून नाय जात.' तिथून गप्पा सुरू. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी आणि वेगळी, कारण सासऱ्यासमोर सून बोलत नाही. तुमच्याकडे सासरा नसेल, घरमालक असेल. आणि वेळ! दूध काढायच्या वेळेला बैठक ठेवून डेअरीवाले येत नाहीत म्हणू नका.

एक विचारते, राग मानू नका. त्या रांगेत तुम्ही स्वतः किती वेळा गेलात?

धागाकर्ता

निंबोणीताई, एकदाही नाही. बाण बरोबर लागला.

तीन आठवड्यांनी लिहितोय. रांगोळी इथल्या पावसात टिकली नसती, म्हणून मोठा नकाशा छापून घेतला आणि शाळेच्या बसथांब्यावर दुपारी उभा राहिलो. सोबत थर्मासभर चहा. पहिल्या दिवशी दोघी बोलल्या, तिसऱ्या दिवशी एकीने तिच्या नवऱ्याला आणलं. त्याने नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं त्या शेतावरच. म्हणाला, इथे घरं झालेली मला चालतील, माझा मुलगा लग्न करून वीस मैलांवर राहायला गेलाय कारण गावात भाडं परवडत नाही. त्या रांगेतल्या आणखी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितलं.

म्हणजे ज्यांना बोलतं करायचं होतं त्यांचं म्हणणं बारा जणांच्या नेमकं उलट निघालं. गुरुवारी प्लॅनच्या सुकाणू समितीपुढे हे मांडायचंय. चहाबाज, एक सांगा: शेताच्या फक्त रस्त्याकडच्या कोपऱ्यावर, गावाशी नातं असलेल्यांसाठीच परवडणारी घरं, असं धोरण लिहिता येतं का?

प्रतिसाद: चहाबाज

येतं. 'रूरल एक्सेप्शन साइट' शोधा. एरवी परवानगी मिळणार नाही अशा गावाकडेच्या छोट्या जागेवर स्थानिकांसाठी परवडणारी घरं, त्यासाठीच ही तरतूद आहे. गावाशी नातं असण्याची अट कायदेशीर कराराने घालतात, त्यामुळे पहिलं कुटुंब गेलं तरी अट राहते. त्याआधी घरांच्या गरजेचं सर्वेक्षण लागेल, आणि जमीनमालकाशी बोला. शेतीच्या भावापेक्षा थोडं जास्त मिळेल, बिल्डरच्या भावाची आशा त्याने सोडायला हवी.

गुरुवारी तो नकाशा घेऊन जा. आणि जमलं तर त्या नवरा-बायकोलाही.

धागाकर्ता

त्यांना विचारलं. सातनंतर असेल तर येतो म्हणाले, धारा आटपून. बैठक साडेसातला ढकलली आहे. बारांपैकी दोघांनी आताच नाराजीचा मेल टाकलाय.