मदत हवी आहे : मूल पाठीवर घेऊन कळसूबाईचा सराव

आम्ही पुण्यातील चार मैत्रिणी एका वस्तीशाळेच्या मदतनिधीसाठी डिसेंबरात बारी गावाकडून कळसूबाई (१६४६ मीटर) चढणार असून, मुलांना घरी ठेवण्याची सोय नसल्यामुळे सरावालाही त्यांना पाठीवरच नेतो. पर्वतीच्या पायऱ्या आता जमतात. परंतु सिंहगड उतरताना माझा ११ किलोंचा मुलगा कॅरिअरमध्ये झोपला की एका बाजूला कलंडतो आणि सगळा भार माझ्या गुडघ्यावर येतो. (जागा असला की केस ओढतो, ते वेगळेच.) यावर उपाय काय? शिवाय कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर मूल पाठीवर घेणे मला धोक्याचे वाटते, म्हणून तेथे आळीपाळीने खाली थांबावे, असे मी सुचवले आहे. पहिल्या शिडीपूर्वी मुलांसह थांबण्याजोगी सावली कोठे मिळते, हे अनुभवींनी कृपया सांगावे.